पिझ्झाचा गोळा आणि ‘हातचे खाणे’ : फुगलेल्या पिठाचा मराठी इतिहास

१/
भीमा आणि मुळा-मुठा या नद्यांच्या बेचक्यातील राहू बेट हा दौंड तालुक्यातील बागायती पट्टा. ऊस आणि गुऱ्हाळे ही त्याची ओळख. येथील एखाद्या घरात आज इटालियन पद्धतीच्या पिझ्झाचे पीठ भिजवायचे ठरले, तर त्यासाठी लागणाऱ्या चारही वस्तू सहज मिळतात : गव्हाचे पीठ, पाणी, मीठ आणि यीस्ट. दीडशे वर्षांपूर्वी याच चार वस्तूंचा गोळा इथल्या घरात फुगणे जवळजवळ अशक्य होते. यीस्टची पुडी मिळत नव्हती, हे त्याचे सर्वांत लहान कारण. धान्य, इंधन, भट्टी आणि जात या चार गोष्टी आड येत होत्या. त्या एकेक करून कशा बाजूला झाल्या, याचा हा धागा.

२/
प्रथम गोळ्याच्या आत काय घडते ते पाहू. गव्हाच्या पिठात पाणी पडले की त्यातील दोन प्रथिने, ग्लायडिन आणि ग्लुटेनिन, एकमेकांत गुंतून एक चिवट जाळे तयार होते. त्यालाच ग्लुटेन म्हणतात. यीस्ट हे सूक्ष्म एकपेशीय जीव. पिठातील साखर खाऊन ते कार्बन डायऑक्साइड वायू सोडतात. जाळे चिवट असेल तर तो वायू आत अडकतो आणि गोळा फुगतो. जाळे नसेल तर वायू निसटून जातो. पिझ्झा, पाव, नान या सर्वांचा पाया एवढाच : एक ताणणारे धान्य आणि एक फुगवणारा जीव. यांपैकी एक जरी उणा पडला तरी फुगलेली पोळी संभवत नाही.

३/
आता दख्खनचे धान्य पाहा. पुणे जिल्ह्याच्या पूर्व भागातील जिराईत जमिनीवर शतकानुशतके ज्वारी आणि बाजरी हीच मुख्य पिके होती. गव्हासारखे ग्लुटेनचे जाळे या दोन्ही धान्यांच्या पिठात तयार होत नाही. म्हणून भाकरी ही एक वेगळीच विद्या ठरली. गरम पाण्याने पिठातील पिष्ट चिकट करायचे, परातीत तळहाताने मळायचे, थापायचे आणि लगेच तव्यावर टाकायचे. जुन्या पिठाची विरी गेली की भाकरी थापताना चिरते, हे ज्वारी खाणाऱ्या प्रत्येक घराला ठाऊक असते. विरी म्हणजे तोच चिकटपणा. तो भाकरीला आकार देतो, पण वायू धरून ठेवू शकत नाही.

४/
गहू अजिबात नव्हता असे नाही. तो थोडा होता, सणाचा होता आणि वेगळ्या जातींचा होता. दख्खनच्या जुन्या गव्हांत दोन जाती महत्त्वाच्या : खपली आणि बन्सी. बन्सी हा डुरम वर्गातील कठीण गहू. इटलीत पास्ता याच वर्गातील गव्हापासून करतात. खपली त्याहूनही जुनी. तिचे टरफल सहज सुटत नाही, कांडावे लागते. इटलीत याच गव्हाला ‘फार्रो’ म्हणतात आणि प्राचीन रोममधील लापशीसारखे खाद्य त्याचेच होत असे. म्हणजे रोमचा शेतकरी आणि दख्खनचा शेतकरी एकेकाळी एकाच जातीचा गहू कांडत होते.

५/
या दोन्ही गव्हांचा स्वभाव ध्यानात घेतला की मराठी सणाचे ताट उलगडते. खपलीचे ग्लुटेन नाजूक असते, म्हणून तिची खीर उत्तम होते. बन्सीचे दाणे कठीण, म्हणून त्याचा रवा आणि शेवया चांगल्या होतात. हलका, जाळीदार पाव मात्र दोहोंपासून साधत नाही. त्याला मऊ, लवचीक ग्लुटेनचा, ज्याला पावाचा गहू म्हणतात तो, लागतो. नेपल्सचा पिझ्झाही याच पावाच्या गव्हाच्या बारीक पिठाचा असतो. तेथील पिठावर ‘००’ असा अंक असतो. तो पिठात कोंडा किती कमी राहिला आहे याची खूण असतो. आपल्याकडचा मैदा त्याचा जवळचा नातेवाईक.

६/
मग मराठी स्वयंपाकघराला ग्लुटेन माहीत नव्हते काय? ते उत्तम माहीत होते. पुरणपोळीची कणीक सैल भिजवून, तेल लावून, पुन्हा पुन्हा तिंबतात आणि झाकून मुरू देतात. ती रबरासारखी ताणली गेली की पुरण पोटात घेऊनही पोळी फाटत नाही. पिझ्झाचा गोळा तयार झाला की नाही हे पाहण्यासाठी आज पिठाचा तुकडा दोन्ही हातांनी ताणून उजेडात धरतात. पडदा न फाटता पारदर्शक झाला तर गोळा तयार. पुरणपोळी करणाऱ्या बायकांच्या बोटांना ही परीक्षा फार पूर्वीपासून येत होती. तिला केवळ प्रयोगशाळेतील नाव नव्हते.

७/
याहून नवलाची गोष्ट कुरडईची. गहू तीन दिवस पाण्यात भिजवायचा, रोज पाणी बदलायचे, मग वाटून, पिळून पांढरा चीक काढायचा आणि उरलेला चोथा बाजूला टाकायचा. चीक म्हणजे पिष्ट, आणि चोथ्यात कोंड्याबरोबर राहते ते ग्लुटेन. इटलीतील बोलोन्याचे विद्वान जाकोपो बेक्कारी यांनी गव्हाचे पीठ पाण्यात धुऊन हेच दोन भाग वेगळे केले. १७२८ मध्ये त्यांनी त्यावर व्याख्यान दिले आणि १७४५ मध्ये ते प्रसिद्ध झाले. ग्लुटेनच्या शास्त्राचा आरंभ तेथून मानतात. बेक्कारींनी जे जपून ठेवले, ते कुरडई करणारे घर गुरांपुढे टाकत होते. कृती एक, हेतू उलटे.

८/
आंबवणेही अपरिचित नव्हते. जिलबीचे मैद्याचे पीठ रात्रभर आंबवत, आंबोळीचे पीठ आंबवत, आंबील करत. म्हणजे ताण ठाऊक होता आणि आंबवणही ठाऊक होते. तरी ताणलेली कणीक आंबवून, फुगवून, भाजण्याची रीत घरोघरी रुजली नाही. ती तिसऱ्या गोष्टीपाशी अडली. तव्यावरच्या भाकरीला आच खालून लागते. फुगलेल्या जाड गोळ्याला ती चहूबाजूंनी लागते, म्हणजेच बंद भट्टी लागते. भट्टी तापवायला तासन्‌तास लाकूड जाळावे लागते. काटक्या, तुराट्या आणि गोवऱ्यांवर दोन वेळचा स्वयंपाक उरकणाऱ्या दख्खनच्या चुलीला हा खर्च परवडणारा नव्हता.

९/
ही अडचण केवळ दख्खनची नव्हती. नेपल्समध्येही पिझ्झा हे मुळात गरिबांचे रस्त्यावरचे खाणे होते. दाट वस्तीतील लहानशा खोल्यांत भट्टी कुठली असणार? पिझ्झा दुकानातील भट्टीतून निघायचा आणि उभ्या-उभ्या खाल्ला जायचा. पुण्यातही मागील पिढ्यांनी याचेच एक रूप पाहिले आहे. दिवाळीआधी नानकटाईचे पीठ घरी मळून, ते डब्यात घालून जवळच्या बेकरीच्या भट्टीवर भाजून आणण्याची रीत होती. मळणे घरचे, भाजणे भट्टीवाल्याचे. भट्टी ही नेहमीच सामाईक वस्तू होती. आणि सामाईक वस्तू म्हटली की प्रश्न उभा राहतो : भट्टी कोणाची?

१०/
येथे गोव्याकडे वळावे लागते. १५१० मध्ये पोर्तुगीजांनी गोवा जिंकला आणि त्यांच्यामागून त्यांचा रोजचा पाव आला. पोर्तुगीज ‘पाँव’ या शब्दावरून मराठी आणि कोकणी ‘पाव’. एकत्र जोडलेल्या चार तुकड्यांचा एक भाग म्हणून पाव, किंवा पायांनी पीठ तुडवतात म्हणून पाव, या दोन्ही व्युत्पत्ती लोकांनी मागाहून रचल्या. यीस्ट नव्हते, तेव्हा गोव्याच्या भट्टीवाल्यांनी माडाची सूर वापरली. सुरेत नैसर्गिकपणे वाढणारे यीस्ट पीठ फुगवते. भट्टीवाला तो ‘पोदेर’, हाही शब्द पोर्तुगीज ‘पादेइरो’वरून. पोई, उंडो, कांकण ही गोव्याच्या पावाची रूपे आजही पोदेर सकाळी सायकलवरून विकतो.

११/
गोव्यातून हे कसब मुंबईत आले. पुढे एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धापासून इराणमधून आलेल्या लोकांनी मुंबई-पुण्यात बेकऱ्या आणि हॉटेले काढली. पुण्याच्या लष्कर भागात गोऱ्या पलटणींसाठी पाव भाजला जाऊ लागला. म्हणजे महाराष्ट्रात फुगलेल्या पावाच्या भट्ट्या प्रामुख्याने ख्रिस्ती, मुसलमान आणि इराणी हातांत होत्या, आणि पीठ पाण्याने भिजवलेले होते. जातिनियमांनुसार पाण्यात शिजवलेले किंवा भिजवून भाजलेले अन्न सर्वांत लवकर ‘विटाळते’. तुपात तळलेल्या अन्नाला थोडी सवलत असे. पावाला कोणतीही सवलत नव्हती.

१२/
त्यात भर पडली धर्मांतराच्या आठवणींची. पोर्तुगीज सत्तेखालच्या वसई आणि कोकण भागात विहिरीत पाव टाकून गाव बाटवल्याच्या कथा सांगितल्या जात. अजाणता ते पाणी प्यालेले लोक परत जातीत घेतले गेले नाहीत, असा त्यांचा शेवट असतो. अशा प्रत्येक कथेमागे घटना असेलच असे नाही. तरी ती कथा पिढ्यान्‌पिढ्या सांगितली गेली आणि तिच्यावर विश्वास ठेवला गेला, हे इतिहासाच्या दृष्टीने पुरेसे महत्त्वाचे आहे. पावाचा एक तुकडा माणसाचा धर्म बदलू शकतो, अशी त्याची धास्ती होती. जगात फार थोड्या खाद्यपदार्थांना इतकी सत्ता लाभली असेल.

१३/
ज्या वस्तूची धास्ती असते, तीच बंडखोरांचे हत्यार होते. १८४९ मध्ये मुंबईत परमहंस मंडळी ही गुप्त संस्था सुरू झाली. व्याकरणकार दादोबा पांडुरंग तर्खडकर हे तिच्या प्रेरकांपैकी, तर राम बाळकृष्ण जयकर तिचे अध्यक्ष. जातिभेद मोडणे हा तिचा उद्देश. नव्या सभासदाच्या दीक्षेत एक अट होती : ख्रिस्ती बेकरीवाल्याने भाजलेला पावाचा तुकडा सर्वांसमोर खाणे. ग्रंथ वाचून दाखवणे, शपथ घेणे यांपेक्षा ही कसोटी कठीण होती. घास गिळला की मागे फिरण्याचा मार्ग, निदान मनातल्या मनात, बंद होत असे.

१४/
पण तो घास बंद दाराआड गिळला जात होता. सभासदांची नावे गुप्त ठेवली होती. १८६० च्या सुमारास संस्थेची कागदपत्रे चोरीस गेली, नावे उघड होण्याची भीती पसरली आणि मंडळी विस्कटली. १८६७ मध्ये दादोबांचे बंधू डॉ. आत्माराम पांडुरंग आणि त्यांचे सहकारी यांनी प्रार्थना समाज स्थापन केला. त्याने उघडपणे काम केले, मात्र पाव खाण्याची अट ठेवली नाही. सुशिक्षित मुंबईकर तरुणांची एक संपूर्ण चळवळ मूठभर पिठाच्या गोळ्यावर उभी राहिली आणि तो खाल्ल्याचे उघड होईल या भयाने मोडली, हे त्या काळाचे माप आहे.

१५/
तीस वर्षांनी पुण्यात हाच प्रसंग वेगळ्या रूपात घडला. ऑक्टोबर १८९० मध्ये पंचहौद मिशनमध्ये एका व्याख्यानानंतर पाहुण्यांपुढे चहा आणि बिस्किटे ठेवण्यात आली. उपस्थितांत न्यायमूर्ती रानडे, टिळक, गोखले अशी मंडळी होती. कोणी घेतले, कोणी केवळ हात लावला. डॉ. आनंदीबाई जोशी यांचे पती गोपाळराव जोशी यांनी उपस्थितांची नावे ‘पुणे वैभव’ पत्रात छापवली. प्रकरण शंकराचार्यांपर्यंत गेले, चौकशी बसली, बहिष्कार आणि प्रायश्चित्त यांची चर्चा दोन वर्षे चालली. १८९२ मध्ये रानड्यांनी प्रायश्चित्त घेतले. त्या निर्णयाचा त्यांच्या अनुयायांना आणि घरालाही किती मनस्ताप झाला, हे रमाबाई रानडे यांच्या आठवणींतून कळते.

१६/
उच्च न्यायालयाच्या न्यायाधीशपदापर्यंत पोहोचणाऱ्या माणसालाही भट्टीत भाजलेल्या बिस्किटाचा हिशेब द्यावा लागत होता. त्याच वर्षी, १८९० मध्ये, पंडिता रमाबाईंनी आपले शारदा सदन मुंबईहून पुण्यास आणले होते. १८८३ मध्ये इंग्लंडमध्ये त्यांनी ख्रिस्ती धर्म स्वीकारला, तरी शाकाहार सोडला नाही. पुडिंगमधील अंड्यावरून तेथील आपल्या गुरुभगिनीशी त्यांचा लेखी वाद झाला होता. शारदा सदनातील हिंदू विधवांना स्वयंपाकपाण्यात आपापले जातिनियम पाळण्याची मुभा त्यांनी ठेवली. अन्नाच्या बाबतीत सक्ती दोन्ही बाजूंनी होते, हे त्यांनी स्वतः अनुभवले होते. तरीही १८९३ मध्ये धर्मांतराच्या आरोपावरून पुण्यात वादळ उठले.

१७/
रमाबाईंनी पुण्यापासून दूर, तेव्हाच्या भीमथडी तालुक्यात, रेल्वेमार्गावरील केडगाव येथे जमीन घेतली. हे केडगाव राहूपासून जवळच आहे. १८९६-९७ च्या दुष्काळात त्या मध्य प्रांतात गेल्या आणि उपासमारीने खंगलेल्या शेकडो मुली-स्त्रियांना येथे घेऊन आल्या. त्यातून मुक्ती सदन उभे राहिले. अनेक जातींच्या, अनेक प्रांतांच्या या स्त्रियांना केवळ अन्न देऊन भागणार नव्हते. म्हणून उद्योगशाळा काढली. शेत, बाग, तेलघाणा, दुग्धालय, विणकाम, छापखाना यांच्या जोडीला तेथे पाव तयार करण्याचाही विभाग होता.

१८/
या नोंदीचे मोल ओळखले पाहिजे. मुंबईत पावाचा तुकडा सुधारकांची गुप्त दीक्षा होता, पुण्यात बिस्किट हा खटल्याचा पुरावा होता. भीमथडीच्या माळरानावर मात्र दुष्काळातून वाचलेल्या मुली पीठ मळत होत्या, फुगवत होत्या, भाजत होत्या आणि एकत्र खात होत्या. त्यांच्यापैकी अनेकींना पावाने धर्म जातो की नाही हा प्रश्न पडण्याआधी भूक पडली होती. सनातनी टीकाकारांनी त्यांना बाटलेल्या म्हटले. पण राहू-केडगाव परिसरात फुगलेल्या पिठाचा संघटित, शिकवला जाणारा उद्योग बायकांच्या हातांनी चालला, ही गोष्ट त्याने पुसली जात नाही. रमाबाई १९२२ मध्ये केडगावलाच निवर्तल्या.

१९/
आता अडसरांपैकी धान्याचा अडसर कसा हटला ते पाहू. १८७० च्या दशकात मुठा नदीवर खडकवासल्याचे धरण बांधले गेले आणि उजवा कालवा पूर्वेकडील कोरड्या पट्ट्याकडे निघाला. पाणी आले तशी बागायत वाढली, ऊस आला. गव्हाच्या बाबतीत मोठा बदल स्वातंत्र्यानंतरचा. साठच्या दशकात अमेरिकेतून गव्हाची प्रचंड आयात झाली. मग मेक्सिकोतील बुटक्या जातींचे बियाणे आले आणि हरितक्रांती झाली. आज महाराष्ट्रात पोळीसाठी आवडीने घेतला जाणारा लोकवन म्हणजे गुजरातच्या सणोसरा येथील लोकभारती संस्थेत विकसित झालेला ‘लोक-१’. तो पावाच्या गव्हाच्या वर्गातला आहे.

२०/
पावाला सरकारी मान्यताही याच काळात मिळाली. १९६५ मध्ये भारत सरकारने मॉडर्न बेकरीज ही कंपनी स्थापन केली आणि यंत्रावर तयार झालेला, कागदात गुंडाळलेला ब्रेड शहरांत पोहोचला. कोणाच्या हाताने मळला, हा प्रश्न यंत्राने निरर्थक केला. यीस्टचाही प्रवास समांतर चालला होता. लुई पाश्चर यांनी १८५७ पासूनच्या संशोधनात किण्वन हे सजीवांचे कार्य असल्याचे दाखवले. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात अमेरिकेत टिकाऊ कोरडे यीस्ट तयार झाले. सुरेची जागा पुडीने घेतली. १९९६ मध्ये डॉमिनोज आणि पिझ्झा हट भारतात आले. त्याच्या आगेमागे बेकऱ्यांत तयार ‘पिझ्झा बेस’ची पाकिटे दिसू लागली आणि घरच्या तव्यावर ती भाजली जाऊ लागली.

२१/
तयार बेस आणि नेपल्सचा गोळा यांत मोठे अंतर आहे. १८८९ मध्ये राणी मार्गेरिता नेपल्सला आली असता राफाएले एस्पोझितो यांनी तिच्यासाठी पिझ्झा केल्याची कथा प्रसिद्ध आहे. तिच्या पुराव्यादाखल दाखवल्या जाणाऱ्या पत्राबद्दल अभ्यासक साशंक आहेत. नियम मात्र स्पष्टपणे लिहिलेले आहेत. १९८४ मध्ये नेपल्समध्ये अस्सल पिझ्झाचे रक्षण करणारी संघटना स्थापन झाली. २०१० मध्ये युरोपीय संघाने प्रमाण ठरवले : एक लिटर पाण्याला सुमारे १.८ किलो पीठ, ५० ते ५५ ग्रॅम मीठ, केवळ ३ ग्रॅम ताजे यीस्ट. तेल नाही, साखर नाही. आधी दोन तास, मग गोळे करून आणखी चार ते सहा तास मुरवणे, आणि ४८५ अंश सेल्सियसला ६० ते ९० सेकंद भाजणे.

२२/
हेच प्रमाण घरापुरते लहान केले, तर ५०० ग्रॅम मैद्याला सुमारे २८० मिलिलिटर पाणी, १५ ग्रॅम मीठ आणि कोरड्या यीस्टची एक चिमूट पुरते. यीस्ट इतके कमी का, तर चव वेळेतून येते. कमी यीस्टचे पीठ हळू फुगते आणि तेवढ्या अवधीत पिठातील विकरे पिष्टाची साखर करतात, सुगंधी द्रव्ये तयार होतात. दौंड भागातील उन्हाळ्यात पीठ फार लवकर चढते, म्हणून थंड पाणी घ्यावे आणि गोळे रात्रभर फ्रीजमध्ये ठेवावेत. पीठ पुरणपोळीच्या कणकेसारखे मळून, झाकून मुरू द्यावे. लाटणे टाळावे. लाटण्याने आतला वायू निघून जातो. बोटांनी मधून कडेकडे दाबत नेले की वायू कडेला सरकतो आणि काठ फुगतो.

२३/
स्थानिक धान्य वापरायचे तर त्याचा स्वभाव ओळखावा. गिरणीतून दळून आणलेल्या लोकवनच्या पिठात कोंडा असतो. त्याचे कण ग्लुटेनचे धागे कापतात. म्हणून त्यात निम्मा मैदा मिसळावा आणि पाणी थोडे वाढवावे. खपलीचे पीठ चवीसाठी थोडेच घालावे, तिचे नाजूक जाळे एकटे भार पेलत नाही. घरचा ओव्हन साधारण २५० अंशांच्या पुढे जात नाही, त्यामुळे पिझ्झाला अधिक वेळ लागतो आणि रंग कमी चढतो. तेथे राहू बेटातील गुळाचा लहानसा खडा पाण्यात विरघळवून घातला तर कड तांबूस होण्यास मदत होते. नेपल्सच्या नियमात तो बसत नाही. पण नेपल्सची भट्टीही घरात बसत नाही. बिडाचा तवा आधी कडक तापवून त्यावर गोळा टाकला तर तळ चांगला भाजतो.

२४/
सर्वांत शेवटी हटणारा अडसर मात्र अजून पुरता हटलेला नाही. डिसेंबर २०१७ मध्ये युनेस्कोने नेपल्सच्या पिझ्झा करणाऱ्यांच्या कलेला मानवजातीच्या अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या यादीत स्थान दिले. गौरव पदार्थाचा नव्हता, पीठ मळणाऱ्या आणि ताणणाऱ्या हातांचा होता. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये पुण्यात, स्वयंपाक करणाऱ्या बाईने आपली जात लपवून सोवळ्यातला स्वयंपाक केला, अशी तक्रार पोलिसांत नोंदवली गेली होती. मोठी टीका झाल्यावर ती मागे घेण्यात आली. पंचहौदच्या बिस्किटांना तेव्हा सव्वाशे वर्षे होऊन गेली होती.

२५/
म्हणून घरच्या पिझ्झाच्या गोळ्याकडे परदेशी फॅशन म्हणून पाहिले, तर त्याचा अर्धा इतिहास निसटतो. त्याला लागणारे हातकसब पुरणपोळीत होते, आंबवण जिलबीत होते, धुतलेल्या गव्हाचे ज्ञान कुरडईत होते. हे सारे एकत्र यायला कालव्याचे पाणी, नव्या जातीचा गहू, पाश्चरचे संशोधन आणि विजेचा ओव्हन लागला. त्याहून अधिक लागले ते धाडस : बंद दाराआड तुकडा गिळणाऱ्या परमहंस सभासदांचे, आणि केडगावात एका परातीत पीठ मळणाऱ्या दुष्काळग्रस्त मुलींचे. पहिल्यांची नावे पुस्तकांत आहेत. दुसऱ्यांची बहुतेक नावे लोकांच्या आठवणीत उरली नाहीत. पावाचा इतिहास लिहिताना त्यांची जागा आधी धरायला हवी.